रूळ नसलेल्या मतदारसंघाचा रेल्वेमंत्री

1977 च्या मार्चमध्ये प्रा. मधु दंडवते मोरारजी देसाईंच्या मंत्रिमंडळात रेल्वेमंत्री झाले, तेव्हा त्यांच्या राजापूर मतदारसंघात रेल्वेचा एक किलोमीटरही रूळ नव्हता. सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण, कणकवली, राजापूर या मुलखातल्या माणसाला आगगाडी पकडायची तर आधी घाट चढून कोल्हापूर किंवा बेळगाव गाठावं लागे. मुंबईला जायचं तर एसटीत रात्र काढायची, नाहीतर भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी बोट धरायची. बोट पावसाळ्यात बंद, म्हणजे ऐन गणपतीत तिचा भरवसा नाही. गिरण्यांत, गोदीत आणि परळ-माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यांत कोकणातली माणसं हजारोंनी राबत होती. ज्या रेल्वेत ती नोकरी करत होती, ती रेल्वे त्यांना गावी मात्र नेत नव्हती.

अशा मतदारसंघाचा खासदार रेल्वेमंत्री झाल्यावर लोकांनी काय आस लावली असेल, ते सांगायला नको. पण दंडवत्यांची त्या सव्वादोन वर्षांची कामगिरी आजच्या राजकारणाच्या सवयीनं पाहिली, तर तिचा मेळ लागत नाही. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात प्रवासी लाकडी फळीवर झोपत. त्या फळ्यांवर दोन इंचांची फोमची गादी घालायला त्यांनी सुरुवात केली. 1974 च्या मे महिन्यातल्या देशव्यापी रेल्वे संपात बडतर्फ झालेल्या कामगारांना जनता सरकारनं पुन्हा कामावर घेतलं, तेव्हा खातं त्यांच्याकडे होतं. 26 डिसेंबर 1977 ला मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस धावू लागली. या लांब पल्ल्याच्या जलद गाडीत पहिला वर्गच ठेवला नव्हता. यातलं थेट राजापूरच्या वाट्याला आलं असं काहीच नाही. कोकणाच्या दिशेनं म्हणावा असा आपटा ते रोहा हा तुकडा तेवढा मार्गी लागला. तोही तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, राजापूरपासून कितीतरी उत्तरेला, आणि त्यावरून गाडी रोह्याला पोचायला 1986 उजाडलं.

तरी 1980 मध्ये राजापूरनं त्यांना परत निवडून दिलं. 1984 मध्ये इंदिरा गांधींच्या हत्येनंतर काँग्रेसनं देशभरात चारशेच्या वर जागा जिंकल्या, भले भले विरोधी नेते पडले, पण राजापूरनं दंडवत्यांनाच दिल्लीला पाठवलं. 1989 मध्ये पाचव्यांदा पाठवलं. 1971 पासून सलग वीस वर्षं एका गरीब, मनीऑर्डरीवर चालणाऱ्या, रस्ते धड नसलेल्या मतदारसंघानं नगरला जन्मलेल्या आणि मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलेल्या प्राध्यापकाला आपला प्रतिनिधी मानलं. त्यांच्या आधी चौदा वर्षं तिथूनच बॅरिस्टर नाथ पै निवडून जात होते.

ही परंपरा आठवून हळहळण्यासाठी मी हे लिहीत नाही. खासदाराला आज आपण जो प्रश्न विचारतो तो चुकीचा आहे आणि त्या चुकीची किंमत कोकण मोजतं आहे, असं माझं ठाम मत आहे. दंडवत्यांची कारकीर्द हा त्याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा आहे.

आपला प्रश्न ठरलेला असतो. "खासदारान आमच्यासाठी काय केल्यान?" उत्तरही ठरलेलं असतं. अमुक वाडीत सभामंडप, तमुक तिठ्यावर हायमास्ट, स्मशानशेड, संरक्षक भिंत, शाळेला चार संगणक. प्रत्येकावर नावाचा फलक, प्रत्येकाच्या भूमिपूजनाचा फोटो. निवडणूक आली की या कामांची पुस्तिका निघते आणि कोणाची पुस्तिका जाड यावर चर्चा रंगते. यात खासदारांना दोष देण्याआधी आपण स्वतःकडे पाहायला हवं. आपण जे मोजतो तेच ते करणार.

हे मोजमाप आलं कधी, हे पाहणं महत्त्वाचं आहे. खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजना सुरू झाली 23 डिसेंबर 1993 रोजी. दंडवते लोकसभेत होते ती सगळी वीस वर्षं, 1971 ते 1991, त्यांच्या हातात असा एक रुपयाही निधी नव्हता. नाथ पैंच्याही नव्हता. सुरुवातीला पाच लाखांपासून निघालेली ही रक्कम वाढत 2011 पासून वर्षाला पाच कोटींवर गेली. खासदारानं कामं सुचवायची आणि जिल्हाधिकाऱ्यांमार्फत ती करून घ्यायची, अशी तिची रीत आहे. राज्यघटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या न्यायमूर्ती वेंकटचलय्या आयोगानं 2002 मध्ये ही योजना बंद करावी अशी शिफारस केली. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगानंही 2007 मध्ये तेच सांगितलं. सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये ती घटनेत बसते असा निर्वाळा दिला, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीनं प्रश्न मिटला. राजकारणाच्या दृष्टीनं तो उलट वाढला.

त्याच 1993 सालात आणखी एक गोष्ट घडली होती. एप्रिलमध्ये 73 वी घटनादुरुस्ती अमलात आली. पंचायतींकडे सोपवायच्या 29 विषयांची यादी घटनेच्या अकराव्या अनुसूचीत आली आणि तिच्यात रस्ते, मोऱ्या, पूल, होडीच्या फेऱ्या हे सगळं स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे वाडीवरचा साकव, ओढ्यावरचा छोटा पूल, कोणी बांधायचा, याचं उत्तर देशानं एप्रिलमध्ये दिलं आणि डिसेंबरमध्ये त्याच साकवासाठी खासदाराच्या हातात पैसे ठेवले. पंचायत दुबळी राहिली, कारण तिच्या कामाचं श्रेय घ्यायला वरून कोणीतरी येऊ लागलं. आणि संसद दुबळी झाली, कारण तिथे बसणाऱ्याचं मूल्यमापन तिथल्या कामावर होईनासं झालं.

साकवाला मी कमी लेखत नाही. कोकणात राहणारा माणूस ते करूच शकत नाही. जुलैत वहाळ भरून आला की पलीकडच्या वाडीतली पोरं चार-चार दिवस शाळेत जात नाहीत, बाळंतीण डोलीतून न्यावी लागते. त्या वाडीतल्या बाईला तुम्ही संसदीय लोकशाहीवर व्याख्यान द्यायला गेलात तर ती दार लावून घेईल, आणि ते बरोबरच आहे. तिला साकव हवा आणि तो यंदाच हवा. ग्रामपंचायतीनं ठराव करून करून कागद झिजवले, जिल्हा परिषदेनं पुढच्या आराखड्याचं नाव सांगितलं आणि खासदाराच्या एका पत्रावर काम झालं, तर ती खासदाराचं नाव घेणारच. या आक्षेपाला माझं उत्तर इतकंच, की त्या बाईचा साकव अडतो तो ग्रामपंचायतीच्या रिकाम्या तिजोरीमुळे. ती तिजोरी का रिकामी आहे, हे दिल्लीत आणि मुंबईत विचारणारा माणूस तिला जास्त उपयोगी आहे. एक साकव बांधून दिल्यानं पुढच्या वहाळावरची वाडी तशीच राहते.

आता हिशेब करून पाहू. कोकण रेल्वे बांधायला साडेतीन हजार कोटींच्या आसपास खर्च आला, तोही नव्वदच्या दशकातल्या रुपयांत. आजच्या पाच कोटींच्या वार्षिक निधीतून तेवढी रक्कम जमवायची म्हटली तर एका मतदारसंघाला सातशे वर्षं लागतील. मग ही रेल्वे आली कशी?

ती एका माणसानं आणली असं म्हणणं खोटं ठरेल. अ. ब. वालावलकरांसारख्या माणसांनी या मागणीपायी आयुष्य वेचलं. नाथ पैंनी ती लोकसभेत लावून धरली. सर्वेक्षणं झाली, अहवाल आले, दर वेळी आकडा पाहून दिल्लीनं फाइल मिटली. दऱ्या, खाड्या, जांभ्याचे कडे, पावसाळ्यात खचणारी माती. दोन हजारांवर पूल आणि नव्वदहून अधिक बोगदे लागणार असा हा मार्ग. साध्या अर्थसंकल्पी तरतुदीतून दरवर्षी थोडे थोडे पैसे मिळत राहिले असते, तर आपली नातवंडंही रेल्वेची वाटच पाहत बसली असती.

1989 च्या डिसेंबरात व्ही. पी. सिंग यांचं सरकार आलं आणि एक दुर्मीळ योग जुळून आला. रेल्वेमंत्री मंगळूरचे जॉर्ज फर्नांडिस, नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष उत्तर कन्नडचे रामकृष्ण हेगडे आणि अर्थमंत्री राजापूरचे खासदार मधु दंडवते. या मार्गाची फाइल ज्या तीन टेबलांवर अडायची, त्या तिन्ही टेबलांमागे या किनारपट्टीशी नातं असलेली माणसं बसली होती. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते या योगाचा त्यांनी उपयोग कसा केला हे. तिजोरीची अवस्था वाईट होती. 1991 मध्ये देशाला सोनं गहाण टाकावं लागलं. अर्थमंत्र्यानं आपल्या मतदारसंघासाठी अर्थसंकल्पातून मोठी रक्कम उचलली असती तर तो अन्याय झाला असता आणि सरकार पडताच ती तरतूदही गेली असती. त्याऐवजी स्वतंत्र महामंडळ उभं राहिलं. भागभांडवलात रेल्वेचे 51 टक्के, महाराष्ट्राचे 22, कर्नाटकाचे 15, गोवा आणि केरळचे सहा-सहा टक्के. उरलेला पैसा रोख्यांतून बाजारातून उभा करायचा आणि गाड्या धावू लागल्या की फेडायचा. कामाची सूत्रं तेव्हा रेल्वेतून नुकतेच निवृत्त झालेल्या ई. श्रीधरन यांच्या हाती दिली.

तारखा पाहा. महामंडळाची नोंदणी 19 जुलै 1990. रोह्याला पायाभरणी 15 सप्टेंबरला. सरकार पडलं 7 नोव्हेंबरला. चार महिनेसुद्धा मिळाले नाहीत. त्यानंतर चंद्रशेखर, नरसिंह राव, थोडे दिवस वाजपेयी, देवेगौडा, गुजराल असे पंतप्रधान बदलत गेले, पण काम थांबलं नाही. कारण ते कोणाच्या मर्जीवर उभं नव्हतं. त्यामागे करार होते, कर्ज होतं, चार राज्यांचा पैसा होता आणि गोव्यातल्या मार्गाच्या वादातूनही वाट काढणारी एक संस्था होती. 26 जानेवारी 1998 ला मार्ग पूर्ण झाला आणि रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत रूळ जोडले गेले. दंडवते तेव्हा लोकसभेत नव्हते. नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष म्हणून दिल्लीत होते.

लोकसभेत नव्हते, कारण 1991 मध्ये राजापूरनं त्यांना पाडलं होतं. रोह्याला कुदळ पडून वर्षही झालं नव्हतं. या पराभवाचं खापर केवळ कृतघ्नतेवर फोडणं मला पटत नाही. राजीव गांधींच्या हत्येनंतरची ती निवडणूक होती, मंडल आणि मंदिरानं सगळी गणितं विस्कटली होती, शिवसेना गावागावांत पोचली होती. आणि एक दोष खुद्द दंडवत्यांच्या पक्षाचाही होता. समाजवाद्यांची कोकणात माणसं होती, राष्ट्र सेवा दलाच्या शाखा होत्या, विचार होता. पण वीस वर्षांत त्यातून पुढची फळी उभी राहिली नाही. नेता दिल्लीत मोठा होत गेला आणि इथली संघटना त्याच्या नावावर टेकून राहिली. तो हरला तसा पक्षही या किनाऱ्यावरून जवळजवळ पुसला गेला. त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनी ही गोष्ट टाळू नये. त्या रिकाम्या जागेतच पुढे फलकांचं राजकारण शिरलं.

दुसरा आक्षेप याहून टोकदार आहे. कोकण रेल्वे हीसुद्धा मतदारसंघाची सोय पाहणंच नव्हे का? अर्थमंत्री राजापूरचा नसता तर ती झाली असती का? बहुधा तेव्हा झाली नसती. मी हे मान्य करतो आणि तरीही फरक आहे असं म्हणतो. ती चार राज्यांना जोडणारी होती, मुंबई ते मंगळूर अंतर कमी करणारी होती, तिच्या खर्चाचा भार ज्यांना लाभ होणार त्यांच्यावरही टाकलेला होता आणि तिचा हिशेब कोणालाही तपासता येईल असा उघड होता. खासदारानं आपल्या मुलखाची गरज दिल्लीला समजावून द्यायलाच हवी. ती देशाच्या गरजेशी जोडून दाखवता येते की फक्त आपल्या वजनावर ढकलावी लागते, यावरून माणसाची पारख होते.

त्या रचनेत खोट नव्हती असंही नाही. कर्जावर बांधलेल्या मार्गाचं ओझं प्रवाशावर आलं. या मार्गावर प्रवासी भाड्यासाठी प्रत्यक्षापेक्षा 40 टक्के जास्त अंतर धरलं जातं. रत्नागिरीचा किंवा कुडाळचा माणूस देशातल्या इतर प्रवाशांपेक्षा जास्त पैसे मोजून गावी येतो. अर्थसंकल्पातून रेल्वेच्या इतर विभागांना मिळतो तसा पैसा महामंडळाला मिळत नसल्यानं दुहेरीकरण रखडलं. रोहा ते वीर एवढाच पट्टा 2021 मध्ये दुहेरी झाला. एकेरी मार्गावर क्रॉसिंगसाठी गाडी ताटकळत उभी राहते. 1990 मध्ये तीच रचना योग्य होती असं मी मानतो, कारण पर्याय होता तो रेल्वे न येण्याचा. पण 1998 नंतर कर्जाचा भार कसा हलका करायचा, हे काम पुढच्या खासदारांचं होतं. ते कोणी नेटानं केलं?

इथे आणखी एक नाव घ्यायला हवं. 1996 पासून चार वेळा राजापूरचे खासदार राहिलेले सुरेश प्रभू पुढे 2014 ते 2017 रेल्वेमंत्री होते. म्हणजे एकाच मतदारसंघानं देशाला दोन रेल्वेमंत्री दिले. 2009 मध्ये राजापूरच्या जागी आलेल्या नव्या रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघात प्रभू हरले होते. रेल्वेमंत्री झाले ते राज्यसभेच्या वाटेनं. 25 फेब्रुवारी 2016 ला त्यांनी मांडलेला रेल्वे अर्थसंकल्प हा देशाचा शेवटचा स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्प ठरला. तोवर वर्षातून एकदा रेल्वेवर संसदेत वेगळी चर्चा होई. आता रेल्वे सर्वसाधारण अर्थसंकल्पातली एक बाब आहे. त्यामुळे ज्या भागाचा खासदार प्रश्न विचारत नाही, त्या भागाच्या रेल्वेबद्दल संसदेत शब्दही निघत नाही, असं होऊ शकतं.

दंडवत्यांचं खरं कर्तृत्व मंत्रिपदाच्या बाहेर आहे असं मला वाटतं. मंत्रिपदं सगळी मिळून तीन-साडेतीन वर्षांची. उरलेली सोळा-सतरा वर्षं ते विरोधी बाकांवर होते आणि त्यातली जवळजवळ दीड वर्षं तुरुंगात. आणीबाणी पुकारली गेली तेव्हा ते बंगळूरला होते. तिथेच अटक झाली आणि तिथल्याच तुरुंगात ते राहिले. पत्नी प्रमिलाताई येरवड्यात होत्या. बाहेर आल्यावर सूड घेण्याचं राजकारण त्यांनी केलं नाही, कायदे दुरुस्त करण्याचं केलं. 1980 नंतरच्या लोकसभेत विरोधक मूठभर होते, 1984 नंतर तर आणखी कमी. तिथे हा माणूस नियमावली हातात घेऊन उभा राही. स्थगन प्रस्ताव, अल्पसूचना प्रश्न, हक्कभंग, कपात सूचना ही संसदेची हत्यारं त्यांना पाठ होती. सरकारकडे संख्या असली तरी त्याला उत्तर द्यायला भाग पाडता येतं, हे त्या काळात ज्या थोड्या माणसांनी दाखवलं त्यात ते होते.

नाथ पैंनीही हेच केलं होतं. गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं नाकारलेला, मूलभूत हक्कांच्या प्रकरणातही घटनादुरुस्ती करण्याचा अधिकार संसदेला असावा, यासाठी 1967 मध्ये त्यांनी एक खासगी विधेयक मांडलं आणि ते देशभर नाथ पै विधेयक म्हणून वादाचा विषय झालं. त्या विधेयकाच्या बाजूनं किंवा विरुद्ध काहीही म्हणता येईल. पण वेंगुर्ल्याचा एक माणूस, कोणतंही मंत्रिपद नसताना, देशाला आपल्या घटनेचा विचार करायला लावत होता. त्याला मत देणाऱ्यांत अंगठा उठवणारे शेतकरी आणि रापणीवरचे मच्छीमार होते. त्यांना हे कळत नव्हतं असं समजणं हा त्यांचा अपमान आहे. त्या सभांबद्दल जुनी माणसं अजूनही बोलतात. काय मिळालं यापेक्षा तिथे काय ऐकलं हे त्यांच्या जास्त लक्षात आहे.

आणि अर्थमंत्री म्हणून? अकरा महिन्यांचाच काळ. सुवर्णनियंत्रण कायदा 1990 च्या जूनमध्ये रद्द झाला. 1963 च्या नियमांपासून सोनारांच्या मानेवर बसलेलं हे जोखड होतं आणि त्यानं कोकणातल्याही कित्येक पिढीजात सोनारांचा धंदा बसवला होता. तो निर्णय निःसंशय चांगला. दहा हजार रुपयांपर्यंतच्या शेतीकर्जाची माफी मात्र मला आजही खटकते. जाहीरनाम्यातलं वचन होतं, पाळलं गेलं, अडलेल्या शेतकऱ्याला दिलासाही मिळाला. पण जिल्हा बँकांची वसुली त्यानंतर ढासळली आणि प्रत्येक निवडणुकीआधी माफीची वाट पाहण्याची सवय देशाला लागली. अर्थशास्त्र जाणणाऱ्या माणसानं हे ओळखायला हवं होतं.

कोकणचा तो पहिला अर्थमंत्री नव्हता. महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख 1952 मध्ये कुलाब्यातून निवडून गेले आणि मुंबईच्या प्रश्नावर 1956 मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपद सोडलं. आपल्या किनाऱ्यानं दिल्लीला काय दिलं याची यादी काढली तर ती मोठी आहे. दिल्लीकडून काय मागावं याची आपली यादी मात्र गेल्या तीस वर्षांत आखडत सभामंडपापर्यंत आली आहे.

त्याचा परिणाम समोर आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झालं. तेवढ्या काळात, त्याच डोंगरांतून, त्याच पावसात, श्रीधरन यांच्या माणसांनी अख्खी रेल्वे बांधून दोनदा संपवली असती. 2016 च्या ऑगस्टमध्ये महाडला सावित्रीवरचा जुना पूल रात्रीच्या अंधारात प्रवाशांनी भरलेल्या एसटी गाड्यांसकट वाहून गेला. 2023 मध्ये चिपळुणात बांधकाम चालू असलेला उड्डाणपूल कोसळला. मंत्री येतात, नवी तारीख देतात, पाहणी दौरे होतात, गणपतीआधी खड्डे बुजवले जातात. या सगळ्या वर्षांत किनाऱ्यावरचे खासदार वेगवेगळ्या पक्षांचे होते, काही केंद्रात मंत्रीही होते. ठेकेदार का बदलले, जमिनीचा मोबदला कुठे अडला, तपासणी कोणी केली आणि सही कोणाची, हे प्रश्न सभागृहात पाठीमागे लागून, उत्तर मिळेपर्यंत कोणी विचारले? विचारले असतील तर ते आपण वाचले का? लोकसभेत कोणत्या खासदारानं कोणता प्रश्न विचारला आणि मंत्र्यांनी काय उत्तर दिलं, हे संसदेच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतं. भूमिपूजनाचे फोटो पुढे पाठवणाऱ्या आपल्या गटांत त्यातलं एक तरी उत्तर कधी फिरलं आहे का?

हे आत्ताच बोलायचं कारण म्हणजे कोकण रेल्वे महामंडळाचं भारतीय रेल्वेत विलीनीकरण. महाराष्ट्रानं 2025 च्या मे महिन्यात त्याला संमती दिली, त्याआधी बाकीच्या तीन राज्यांनी दिली होती. विलीनीकरणाला माझा विरोध नाही. पस्तीस वर्षांपूर्वी पैसा उभा करायला जी रचना लागली तिचं काम आता संपलं आहे, आणि दुहेरीकरणाचा खर्च महामंडळाला झेपणारा नाही. पण विलीनीकरण म्हणजे फक्त ‘कोकण रेल्वे’ हे नाव राखणं नव्हे. आपल्या 22 टक्के भागामुळे राज्याला संचालक मंडळात जो आवाज होता तो जाणार. त्याच्या बदल्यात काय मिळणार?

हे प्रश्न रत्नागिरी-सिंधुदुर्ग आणि रायगडच्या खासदारांनी लेखी विचारायला हवेत आणि आपण त्यांना तसं सांगायला हवं. भाड्यासाठी अंतर 40 टक्के वाढवून धरण्याची पद्धत कोणत्या तारखेपासून बंद होणार? वीरच्या पुढे दुहेरीकरणाचा पैसा कोणत्या वर्षाच्या अर्थसंकल्पात धरला जाणार? हा मार्ग एकसंध विभाग म्हणून राहणार, की मध्य, दक्षिण-पश्चिम आणि दक्षिण रेल्वेत तुकडे करून वाटला जाणार? तुकडे झाले तर बेलापूरचं मुख्यालय आणि पावसाळ्यात दरडींवर रात्रंदिवस पहारा ठेवणारी गस्तीची व्यवस्था कोणाच्या अखत्यारीत जाणार? ज्यांच्या जमिनी गेल्या आणि नोकरीचं आश्वासन अजून पुरं झालेलं नाही, त्या प्रकल्पग्रस्तांची यादी नव्या मालकाला बांधील राहणार का? सावंतवाडीच्या टर्मिनसचं पुढे काय?

पुढच्या वेळी गावात खासदारांचा दौरा झाला आणि शेडचं उद्घाटन झालं, तर नारळ फुटल्यावर ही यादी त्यांच्या हातात द्यावी आणि अधिवेशनाची तारीख विचारून घ्यावी.